वासराची वेळ

"टीव्ही कुठंय?"

मी विचारलं तेव्हा माझ्या अंगावर अजून खाकी होती. मुखेडची मुक्कामी गाडी करून, डेपोत हिशेब देऊन मी लातूरला घरी आले होते, आणि भिंतीवर टीव्हीच्या जागी नुसती लोखंडी पट्टी होती.

"जळकोटला नेला," सिंधुअक्का कणीक मळता मळता म्हणाल्या. मान वर केली नाही. "काल हे आलते जीप घेऊन. म्हणले, परीक्षा होईस्तोर घरात टीव्ही नको."

सिंधुअक्का माझ्या थोरल्या जाऊ. त्यांची ऋतुजा डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेला दुसऱ्यांदा बसणार, म्हणून मायलेकी जळकोट गाव सोडून आमच्याकडे राहायला आलेल्या. लातुरात यात नवल काही नाही. आमच्या गल्लीत घराआड एक नीटवालं लेकरू आहे, आणि त्या घरातला टीव्ही वर्षभर चादर पांघरून बसतो. केबल तोडतात, पाहुण्यांना येऊ नका म्हणतात, कुकरसुद्धा अभ्यासाची वेळ बघून लावतात. सगळं कबूल. पण हा टीव्ही माझ्या पगारातून घेतलेला होता, आणि माझे दीर हणमंतराव मला एका शब्दाने न विचारता तो उचलून घेऊन गेले होते.

बरं, मी टीव्ही बघते कधी? तो होता माझ्या शिवांगीसाठी. पोरगी अडीच वर्षांची. मी कंडक्टर, एक दिवसाआड माझा मुक्काम मुखेडला. नवरा, सुदर्शन, औषधाच्या दुकानात. शटर ओढून येईपर्यंत त्याला दहा वाजतात. आईशिवाय झोपायला पोरीला शिकवलं ते एका वासराने. लहान मुलांच्या चॅनेलवर रोज आठला लागायचं. लोकरीचं वासरू, आणि चाल इतकी संथ की आमच्या ड्रायव्हरने हॉर्न मारला असता. ते रानातून गोठ्याकडे निघतं आणि वाटेत भेटेल त्याला, बेडकाला, बाभळीला, विहिरीला, "निजा आता" म्हणतं. ना गोंगाट, ना नाच. शेवटी गोठ्यात बसून डोळे मिटतं आणि पडदा हळूहळू निळा होतो. तेवढ्या वेळात दूध पिऊन, तोंड पुसून शिवांगी गोधडीत शिरलेली असायची. मग माझा फोन.

"वासरू गेलं का गोठ्यात?"

"गेलं."

"आणि तू?"

"मी पण."

एवढं ऐकलं की मुखेडच्या त्या कुबट खोलीत माझ्या घशाखाली घास उतरायचा.

टीव्ही गेला त्या दिवशी मी गप्प बसले. कारण मी गाडीवर असताना शिवांगीला बघायच्या त्या सिंधुअक्काच. उद्या त्यांनी पिशवी भरली तर माझी नोकरी गेली. हे हणमंतरावांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर माझ्या वस्तूला हात लावायची हिंमत झाली. अंगाची नुसती लाही लाही होत होती आणि मी निमूटपणे भाकरी मोडत होते.

पुढच्या मुक्कामाला फोन लावला तर आधी रडणंच ऐकू आलं.

"भित्तीम्होरं बसलीय गोधडी घेऊन," सिंधुअक्का म्हणाल्या. "वासरू आना म्हणून रडलालीय. काय करू मी?"

त्यांचा फोन बटणांचा. सुदर्शनने एकदा लवकर येऊन आपल्या मोबाइलवर वासरू लावून दिलं. पोरीचं बोट लागलं आणि त्याच्या जागी भलतंच काहीतरी थयथय नाचायला लागलं. त्या रात्री ती झोपलीच नाही म्हटलं तरी चालेल. ऋतुजाच्या खोलीचं दार मात्र बंद. माझा तिच्यावरही राग होता. तिने तरी बापाला सांगायचं होतं, मला टीव्हीचा त्रास नाही म्हणून!

रविवारी हणमंतराव ज्वारीचं पोतं घेऊन आले. पोतं टाकलं, पलंगावर पाय पसरले आणि मोबाइलवर राजकारणाची भांडणं लावली. आवाज जिन्यापर्यंत. शिवांगी माझ्या खांद्यावर कुरकुरत होती.

"लेकराला गप करा की," ते म्हणाले. "आत पोरगी अभ्यास करलालीय."

"भाऊजी, तुमचा मोबाइल बारीक करा आधी."

"मी बातम्या बघलालोय."

"आन माझा टीव्ही?"

"एका सालाचा सवाल हाय. एवढा त्याग समद्यांनाच करावा लागतो."

"तुमी काय सोडलं?"

ते हसले. "बसमंदी भांडल्यावानी भांडती की ही! अगं, लेकरू हाय. आज न्हाई उद्या इसरंल."

सिंधुअक्का चहाचा कप घेऊन दारात उभ्या होत्या. तो त्यांनी नवऱ्याच्या हातात दिला आणि आत गेल्या. मला त्यांचाही संताप आला.

त्यानंतरच्या मुक्कामाला शिवांगीने फोन घेतलाच नाही. रडली नाही, हट्ट केला नाही. "नको म्हणती," सिंधुअक्का म्हणाल्या. मी म्हटलं, कानाला लावा. त्यांनी लावला. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. मी दोन-तीनदा हाक मारली आणि तिने फोन ढकलून दिला. हेच ते विसरणं. माझ्या लेकराने मला विसरायला सुरुवात केली होती, आणि तिकडे जळकोटच्या बैठकीत माझा टीव्ही चालू होता.

सकाळी परतीची गाडी जळकोटला चहाला थांबते. हणमंतरावांचं घर स्टँडच्या मागेच. ड्रायव्हर शेषेरावांना म्हटलं, "दादा, आलेच." गावात डोक्यावर पदर घेतल्याशिवाय मी दिरासमोर कधी गेले नव्हते. त्या दिवशी खाकीत गेले, शिट्टी गळ्यात, तिकिटाचं मशीन कमरेला.

हणमंतराव आणि गावातले दोघे चहा पीत बसले होते. टीव्हीत चार माणसं एकमेकांवर ओरडत होती. मी बटण शोधलं नाही, सरळ वायर ओढली.

"काय करलालीस?" हणमंतराव कप हातात घेऊन उठले.

"माझी वस्तू नेलालेय."

"चारचौघांत? जरा तरी लाज?"

"चारचौघांतच नेणार, भाऊजी. तुमी गुपचूप आणला, मी गुपचूप नेणार न्हाई."

बसलेल्यांपैकी एकाने आपले पाय आवरून मला वाट दिली. दारात शेषेराव आले होते. त्यांनी दुसरी बाजू धरली. लगेजचं तिकीट मी स्वतः काढलं, उगाच कोणाला बोलायला जागा नको. टीव्ही माझ्या सीटवर ठेवला आणि लातूरपर्यंत उभ्याने आले.

संध्याकाळी मी तो लटकवला. सिंधुअक्कांनी खालून आधार दिला. आठला वासरू निघालं. शिवांगी आधी जवळ येईना. दाराशी उभी राहून माझ्याकडे बघत होती, मग टीव्हीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. बेडूक आला तेव्हा ती सरकत सरकत येऊन माझ्या मांडीला टेकली.

आणि ऋतुजाच्या खोलीचं दार उघडलं. मी भांडायच्या तयारीनेच मान वळवली.

"काकू, बंद करू नको," ती म्हणाली आणि आमच्याजवळ फरशीवरच बसली. डोळे खोल गेलेले, केस दोन दिवस विंचरलेले नसावेत. वासरू विहिरीपाशी पोचायच्या आत तिची मान कलली. ती तिथेच आडवी झाली, शिवांगीच्या गोधडीवर डोकं ठेवून, आणि घोरायला लागली. शिवांगीने आपली गोधडी ओढून घेतली नाही.

"लई दिवस झाले," सिंधुअक्का स्वयंपाकघराच्या दारातून हळूच म्हणाल्या. "पोरीला झोपच न्हाई. रातभर टक्क. डाक्टरला दाखवू म्हणलं तर हे म्हणतेत, झोपून कोण पास होतं का."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. हणमंतरावांचा आवाज मला इथवर ऐकू येत होता. माझं नाव, टीव्ही, घराण्याची अब्रू, सगळं. मी हात पुढे केला, द्या इकडे म्हणून. सकाळपासून तोंडात साठवलेलं पुष्कळ होतं. सिंधुअक्कांनी मला हातानेच थांबवलं.

"हाव," त्या म्हणाल्या. "हाव. ऐकलालेय." मग म्हणाल्या, "न्हाई. ऋतु झोपलीय." पलीकडचा आवाज चढला. "न्हाई वो, उठवणार न्हाई मी."

त्यांनी फोन बंद केला. मग मोठा दिवा घालवून त्या लेकीपाशी बसल्या आणि तिच्या केसांतला गुंता बोटांनी सोडवायला लागल्या, ती जागी होणार नाही इतक्या हळू.