दक्षिण बाजूचा नंबर

"बोलत तर होता," अर्डिसबाई म्हणाल्या आणि टॉवेलात गुंडाळून आणलेला रेडिओ त्यांनी लोवेलच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. "सकाळपासून बडबडत होता मेला. कुठल्या पायवाटेवर झाड पडलंय, कुणाच्या करवतीची साखळी तुटलीय, जेवायला कुठं भेटायचं. आम्ही दोघं ऐकत बसलो होतो. ऑरिन म्हणाला, आज आपल्याकडं सगळं निवांत दिसतंय. आणि मागं डोंगर पेटला होता, लोवेल. मग हा माझ्याच डोंगराचं तेवढं का नाही बोलला?"

टेबलाभोवती आम्ही पाच जण होतो. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही लोवेल टिबेट्सकडे जमायचो, कॉफी प्यायचो आणि वनखात्याच्या रेडिओवर कोण काय बोललं याच्या गप्पा मारायचो. त्या शनिवारी बाईंच्या नवऱ्याला, ऑरिनला, जाऊन अकरा दिवस झाले होते.

लोवेल उठला. भिंतीवर अडकवलेली फ्रिक्वेन्सींच्या नंबरांची यादी काढून त्यानं बाईंच्या पुढ्यात ठेवली आणि एका ओळीवर बोट टेकवलं.

"हा नंबर नदीपलीकडच्या जंगलाचा आहे, बाई. तुम्ही त्यांची बडबड ऐकत होतात. आपल्या दक्षिण बाजूचा नंबर वसंतात बदलला. तो मी चुकीचा लिहिला आणि तुमच्या रेडिओत मीच भरला. चूक माझी."

अर्डिसबाईंनी त्या ओळीकडे पाहिलं. तिच्यापुढे दोन खुणा होत्या. त्या दुसऱ्या खुणेचा अर्थ खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होता, फक्त बाईंना नव्हता. बाकीचे तिघं कॉफीच्या कपात पाहू लागले, आणि मी खिडकीबाहेर.

दुसरी खूण माझी होती.

वनखातं मधून मधून आपल्या फ्रिक्वेन्सी बदलतं आणि आम्हाला कळवायला येत नाही. का यावं? आम्ही कोण लागून गेलो! पण आमच्या खोऱ्यात मोबाइल चालत नाही, आणि आग लागली की ती आधी समजते ती रेडिओवर. म्हणून बर्फ वितळू लागलं की आमची शोधाशोध सुरू व्हायची. खात्याचा मेकॅनिक डोंगरमाथ्यावरच्या टॉवरवर चढतो, नव्या फ्रिक्वेन्सीवर टॉवरचं नाव घेऊन चाचणीची दोन वाक्यं बोलतो, संपलं. ती दोन वाक्यं ज्यानं पकडली तो त्या वर्षीचा राजा. बायका म्हणायच्या, म्हातारे चळलेत. म्हणोत बापड्या.

लोवेलनं चौतीस वर्षं लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावली. गिरणी बंद पडली, पण जाता जाता त्याचा डावा कान खाऊन गेली. यादी त्याच्याकडे होती खरी, पण स्वतःच्या कानावर त्याचा विश्वास नव्हता. म्हणून त्यानं नियम केला होता. कुठलाही नवा नंबर दोघांनी, दोन वेगवेगळ्या ठिकाणी ऐकला पाहिजे, आणि टॉवरचं नाव कानावर पडलं पाहिजे. एकानं ऐकला तर एक खूण. दोन खुणा झाल्याशिवाय तो नंबर कुणाच्याही रेडिओत जायचा नाही. मी त्याला चिडवायचो, "लेका, बायबल लिहितोयस की काय?" तो नुसता हसायचा आणि पेन्सिल कानामागे खोचायचा.

मे महिन्यात त्यानं घरी बसून एक नवा नंबर पकडला. आवाज फार बारीक होता. दक्षिणेकडचा टॉवर असावा असं त्याला वाटलं, पण नाव नीट ऐकू आलं नव्हतं. मेकॅनिक शनिवारी पुन्हा चढणार होता. लोवेल मला म्हणाला, "मर्ल, तू गूसनेकच्या खिंडीत जाऊन बस. तिथं स्पष्ट येईल."

मी गेलो नाही. खिंडीच्या रस्त्यावर गुडघाभर चिखल झाला होता, माझा गुडघा दुखत होता, आणि त्या सकाळी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये वर्गणी जमवायला ठेवलेला पॅनकेकचा नाश्ता होता. एवढंच कारण. यापेक्षा मोठं कारण असतं तर सांगायला तरी बरं वाटलं असतं. साडेनऊला हॉलमधल्याच फोनवरून मी लोवेलला सांगितलं, "हो, तोच नंबर. नाव घेतलं त्यानं."

दक्षिण बाजूला तसं काही घडत नाही. जून उलटेपर्यंत त्या नंबरावर थोडीफार बडबड ऐकू येई, तेवढ्यावर सगळे खूश होते. तेवीस जुलैला आग लागली. शेरीफचा माणूस अर्डिसबाईंच्या दारात पोचला तेव्हा धूर अंगणात आला होता. ऑरिनला ऑक्सिजन लागायचा. त्याला, त्याच्या नळकांड्यांना आणि खुर्चीला गाडीत घालायला अर्धा तास लागत असे. त्या दिवशी मिळाली पाच मिनिटं. दवाखाना यायच्या आधीच, रस्त्यावर तो गेला.

त्या शनिवारनंतर लोवेलनं घरोघरी जाऊन एकोणतीस रेडिओंतला नंबर दुरुस्त केला आणि प्रत्येक दारात "चूक माझी" म्हणाला. काहींनी कॉफी दिली, काहींनी दारातूनच रेडिओ हातात दिला आणि दारातूनच परत घेतला. किराणा दुकानात डेल नावाचा एक इसम सगळ्यांदेखत त्याला म्हणाला, "काय लोवेल, आज कुठल्या गावची हवा सांगतोयस?" लोवेलनं मान हलवली, पाव घेतला आणि गेला. मी शेजारच्या रांगेत डबे चाळतच राहिलो. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

सप्टेंबरात एका दुपारी मी त्याच्याकडे गेलो. तो ओट्याशी उभा राहून सफरचंदं चिरत होता.

"लोवेल, मी खिंडीत गेलोच नव्हतो."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"तू फोन केलास तेव्हापासून." त्यानं सुरी खाली ठेवली. "मागं ताटं वाजत होती, मर्ल. कुणीतरी पॅनकेकवर घालायचा पाक मागत होतं. एक कान गेलाय, दुसरा शाबूत आहे."

"मग खूण का केलीस?"

"तुला खोटा पाडायला लागलं असतं. मग तू रुसला असतास, मग शनिवारी आला नसतास. म्हटलं, असेल बरोबर. गेली तीस वर्षं बरोबरच निघालं होतं ना." तो पुन्हा सफरचंदाकडे वळला. "म्हणून म्हणतो, चूक माझी. माझी यादी, माझी पेन्सिल."

"मी बाईंना सांगतो."

"माझ्यासाठी सांगू नकोस," तो म्हणाला. "तुला सांगायचं असेल तर सांग."

अर्डिसबाई जळालेल्या घराच्या जागेवर एका भाड्याच्या, चाकांवरच्या ट्रेलर-घरात राहत होत्या. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत स्वयंपाक केला, माझ्या दोन्ही पोरी त्यांच्या हातचं जेवून मोठ्या झाल्या. मी पायरीखालीच उभा राहून सगळं सांगितलं. चिखल, गुडघा, पॅनकेक, काहीच गाळलं नाही. त्या दाराला टेकून ऐकत होत्या.

"लोवेलला माहीत आहे हे?"

"त्याला तेव्हाच कळलं होतं, बाई."

"म्हणजे मे महिन्यापासून तुम्हा दोघांनाही माहीत होतं," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि आम्ही दोघं तुमच्या भरवशावर बसलो होतो."

मी डोक्यावरची टोपी काढली.

"त्यानं मला निम्मंच सांगितलं," त्या म्हणाल्या. "पण अकराव्या दिवशी माझ्या तोंडासमोर उभा राहून सांगितलं. तू सप्टेंबरात आलायस, मर्ल." त्यांनी दाराची कडी धरली. "रविवारी दहाला ऑरिनची राख नदीत सोडायची आहे. लोवेलला सांग, ये म्हणावं. डबा जड आहे, माझ्याच्यानं उचलत नाही. तू येऊ नकोस."

रविवारी मीच लोवेलला माझ्या गाडीतून नेलं. पुलाच्या अलीकडे तो उतरला, मी आतच बसून राहिलो. काचेतून मला खालची मंडळी दिसत होती. अर्डिसबाई, त्यांची बहीण, चर्चचे पाळक, आणि चांगला कोट घातलेला लोवेल. त्यानं डबा उचलला आणि बुटांसकट पाण्यात उतरला. मग त्यानं एक हात मागे केला, बाई तो धरून काठावरच्या दगडापर्यंत आल्या. पुढं काय झालं ते झुडपांमुळे नीट दिसलं नाही. कोण काय बोललं तेही ऐकू आलं नाही.

अर्ध्या तासानं तो परत आला आणि शेजारच्या सीटवर बसला. पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती. मी गाडी सुरू केली, मग बंद केली.

"माझं काही विचारलं त्यांनी?"

"नाही," लोवेल म्हणाला.

त्यानं एक बूट काढला, दार उघडलं आणि आतलं पाणी रस्त्यावर ओतलं. मग दुसरा काढला. मी हीटर चालू केला आणि त्याचे मोजे वाळेपर्यंत आम्ही तिथंच बसलो.