हिरवं वेबिंग

ज्युलियनने श्वास रोखला नाही, पोट आत ओढलं नाही. पट्ट्याचं पितळी बक्कल लावलं आणि ते पहिल्याच प्रयत्नात घट्ट बसलं. डेन्झिल ट्रेम्बाथने नजर काढून टेबलावरच्या पाण्याच्या गंजक्या बाटलीकडे वळवली. बेचाळीस सालचा तो अस्सल खाकी पट्टा, युद्धातल्या कुणा पोरसवदा शिपायासाठी विणलेला. डेन्झिलच्या कमरेला असा अस्सल पट्टा कधी पुरलाच नव्हता. तो इतकी वर्षं मोठ्या मापाची नक्कल बांधत आला होता.

“बसला की!” पेरन म्हणाला. “बाबा, बघ ना, जसा काही यांच्यासाठीच शिवलाय.”

“बघतोय,” डेन्झिल म्हणाला.

रेडरथच्या त्या चॅपलच्या सभागृहात दर वसंतात जुन्या लष्करी सामानाची जत्रा भरे. ओल्या लोकरीचा, पितळ घासायच्या पॉलिशचा आणि किटलीतल्या चहाचा एक जुनाट वास तिथे कायमचा राहायला आलेला असे. पेरन बारा वर्षांचा असताना डेन्झिलने त्याला इथेच पहिल्यांदा आणलं होतं. आधी पट्टा, मग छातीवरचे दोन मोठे पाऊच, मग पाठीवर फुली घेऊन खांद्यांवरून येणारे दोन पट्टे. बाकी सगळं नंतर, असं त्याने मुलाला शिकवलं होतं. इंग्रज पायदळाचं वेबिंग म्हणजे एवढंच. तेवढं नीट निवडलं की माणूस शिपाई दिसतो.

आता पेरन तिशीला आला होता, आणि त्याने बरोबर आणला होता आईचा नवा नवरा.

“मला यातलं ओ की ठो कळत नाही,” ज्युलियन हसून म्हणाला. तो दातांचा डॉक्टर होता आणि त्याचे स्वतःचे दात अगदी जाहिरातीतले होते. “तुम्ही सांगाल ते घेतो, डेन्झिल.”

“बाबांपेक्षा जास्त कुणालाच कळत नाही,” पेरन म्हणाला. “तुम्ही बघा, मी तोवर खायला गरम पेस्टी घेऊन येतो. बाबा, तुला मिरी जास्त ना?”

जाता जाता त्याने ज्युलियनच्या पाठीवर थाप मारली. ओझरती, सवयीची. डेन्झिलने ती पाहिली. सवय व्हायला किती संध्याकाळी लागल्या असतील, पेरनच्या आईच्या, लव्हडेच्या, त्या नव्या स्वयंपाकघरात किती जेवणं झाली असतील, याचा हिशेब त्याच्या मनात नको असताना सुरू झाला.

जुन्या महायुद्धाच्या लढाया खेळायच्या त्यांच्या खेळात ब्रेन ही मशीनगन दोघांची असे. पेरन ती चालवी आणि डेन्झिल त्याच्या डाव्या अंगाला चिखलात पालथा पडून रिकामं मॅगझिन काढी, भरलेलं चढवी. प्लास्टिकचे छर्रे, खोटी लढाई. पण मुलाच्या खांद्याला खांदा लावून पडून राहण्याची ती जागा खोटी नव्हती. घर मोडलं तेव्हाही ती मोडली नव्हती. मागच्या महिन्यात मात्र पेरन म्हणाला होता, अगदी मायेने म्हणाला होता, “तुझे गुडघे बोलायला लागलेत, बाबा. एखादा खेळ ज्युलियन पडेल की माझ्या शेजारी.”

ज्युलियनने खाकी पट्टा सोडला आणि टेबलाच्या कडेचा दुसरा संच उचलला. हिरवा, पातळ विणीचा, काळपट बकलांचा.

“हा किती हलका आहे! आणि अंगावर सैनिकी वाटतो, नाही?”

“पावसात भिजला तरी पटकन वाळतो,” टेबलामागची बाई म्हणाली. “माझ्या सासऱ्यांचा. ते मलायाला होते.”

तो संच चव्वेचाळीस सालचा म्हणवला जाई, पण बनवला होता पूर्वेकडच्या जंगलांसाठी. फ्रान्सच्या रणभूमीवर तो कुणा शिपायाने पाहिलाही नव्हता. आणि येत्या शनिवारचा खेळ फ्रान्सचा होता. फाटकावर सार्जंट क्लेमो उभा असणार, टाचेपासून टोपीपर्यंत तपासणार, आणि हा हिरवा रंग दिसताच माणसाला परत पाठवणार. डेन्झिलला हे स्वतःच्या जन्मतारखेइतकं ठाऊक होतं.

“चालेल ना हा?” ज्युलियनने विचारलं.

डेन्झिलने पाऊचचं झाकण उघडलं, अंगठ्याने शिवण चाचपली, झाकण मिटलं.

“रान हिरवंच असतं,” तो म्हणाला.

पेरन तीन कागदी पुड्या छातीशी धरून आला तेव्हा पैसे देऊन झाले होते. हिरव्या संचाकडे बघून तो थबकला. मग त्याने बापाकडे पाहिलं.

“बाबा, तू बघितलंस हे?”

“बघितलं.”

ज्युलियन खूश होता. तो बाईशी तिच्या सासऱ्यांविषयी बोलत होता. पेरन आणखी क्षणभर उभा राहिला. मग त्याने एक पुडी बापापुढे केली. “मिरी जास्त,” तो म्हणाला, आणि आपली पुडी घेऊन दुसऱ्या टेबलाकडे वळला.

*

शनिवारी चिनी मातीच्या जुन्या खाणीवर धुकं बसलं होतं. पांढऱ्या ढिगाऱ्यांखालच्या रानात जाणारं फाटक अर्धवट उघडं होतं, आणि निवृत्त पोस्टमन क्लेमो काठी बगलेत मारून सार्जंट झाला होता.

डेन्झिल रांगेत पुढे होता. तो तपासणीतून सुटून बाजूला झाला आणि वळून पाहू लागला. गेले चार दिवस त्याने हा क्षण इतक्या वेळा मनात पाहिला होता, की त्याची चवच उरली नव्हती.

ज्युलियन आला. त्याच्या अंगावर खाकी होतं. मऊ पडलेलं, कडा पांढुरक्या झालेलं खाकी. डाव्या पाऊचच्या कोपऱ्यातलं जाड दोऱ्याचं रफू डेन्झिलने स्वतः घातलं होतं, पेरन सतरा वर्षांचा असताना.

“झकास,” क्लेमो म्हणाला. “पुढे. आणि हे काय रे, पेरन? कुठे निघालास राजा, फ्रान्सला की ब्रह्मदेशाला?”

रांगेत हशा पिकला. पेरनच्या छातीवर हिरवे पाऊच होते.

“ट्रेम्बाथचा पोरगा असून? तुझ्या बापानं बघितलं नाही हे?”

“नाही,” पेरन म्हणाला. “मीच निवडलं. बाबांना दाखवलंच नव्हतं.”

“पण हे तर—” ज्युलियन वळला.

“ज्युलियन, पाऊच नीट लावा. मॅगझिनं पडतील.”

ज्युलियनने पाऊचचं झाकण लावलं. त्याने एकदा डेन्झिलकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर बरं झालं असतं.

“नियम म्हणजे नियम,” क्लेमो कुरकुरला. “उसनं द्यायला माझ्याकडे काही उरलं नाही. बस आता माझ्याबरोबर चहा ओतत.”

पेरनने मान डोलावली आणि बंदूक खांद्यावरून उतरवायला घेतली. बापाकडे त्याने पाहिलं नाही.

डेन्झिलच्या हाताने आधी बक्कल सोडलं. मन मागाहून आलं. त्याने पट्टे खांद्यांवरून ओढून काढले आणि अख्खा संच मुलाच्या हातात कोंबला.

“घाल. ढगळ होईल.”

“बाबा—”

“गुडघे दुखतायत माझे,” डेन्झिल म्हणाला. “घाल म्हटलं ना.”

ढगळ झालाच. पेरन पाठमोरा उभा राहिला आणि ज्युलियन पाठीमागचे पट्टे आवळू लागला. चुकीच्या बाजूने ओढत होता. डेन्झिलचे हात दोनदा उचलले गेले आणि दोनदा खाली आले. तिसऱ्या खेपेस ज्युलियनला ते आपोआप उमगलं. मग दोन खाकी पाठी धुक्यात शिरल्या. उंचीला जवळपास सारख्या.

क्लेमोने त्याच्यापुढे चहाचा मग ठेवला. डेन्झिल खोक्यावर बसला. पट्ट्यावाचून कंबर उघडी पडल्यासारखी वाटत होती.

रानातून ब्रेनची घरघर आली. आखूड, थांबत थांबत. ही पेरनची पद्धत. नियमाने एका मॅगझिनात तीसच छर्रे, म्हणून थोड्याच वेळात ती थांबली. आता शेजारच्याने नवं चढवायचं. थांबा लांबला. आणखी लांबला. पाऊचचं झाकण अडकलं असणार. ते डावीकडे दाबूनच उघडायला लागतं, हे ज्युलियनला कुणी सांगितलेलं नव्हतं. डेन्झिलने मगाच्या कडेवर ओठ टेकवले आणि चहा न पिता तसाच धरून ठेवला.

घरघर सुरू झाली. पुन्हा थांबली. पुन्हा तेवढाच लांब थांबा.

तिसऱ्या वेळी मात्र आवाज तुटला आणि लगेच जोडला गेला, मधे श्वास घ्यायलाही जागा न ठेवता.

“वा!” क्लेमोने मान वर केली. “पेरनच्या शेजारी कोण आहे रे?”

 मान थोडी तिरपी करून डेन्झिल पुढच्या थांब्याची वाट बघत होता.