दारापुढच्या चपला

मित्रांनो, मी एक जुना मिनी-कॉम्प्युटर आहे. ‘मिनी’ म्हणजे लहान. पण मी लोखंडी कपाटाएवढा आहे, म्हणून हसू नका. माझ्याआधीची यंत्रे खोलीभर पसरत, त्यांच्यापुढे मी लहानच. आज श्रीरामपूरला भंगाराच्या दुकानात फुटक्या पंपाशेजारी उभा आहे. समोर घण पडला आहे. म्हणून थोडे घाईने सांगतो.

१९८१ साली मी पाण्याचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत आलो. मला धूळ सोसत नाही. त्यामुळे माझ्या थंडगार खोलीत येताना सगळे चपला दाराबाहेर काढीत. संध्याकाळी शिपाई सहादेव आधी दारात बघे. चपला दिसल्या, की मेन स्विचला हात लावत नसे. चपला आहेत म्हणजे आत काम चालू आहे!

माझी आठवण ताटाएवढ्या तबकड्यांवर असते, लोहचुंबकाच्या बारीक खुणांनी लिहिलेली. तिसगावकडच्या साठ विहिरींचे पाणी दर महिन्याला किती खोल गेले, ते संस्थेतले जालिंदर दोरीला वजन बांधून मोजीत. संस्थेतच काम करणारी त्यांची मुलगी प्रज्ञाताई ते आकडे मला देई. “नीट ध्यानात ठेव रे बाबा,” म्हणे. चौदा वर्षांत मी एकही आकडा विसरलो नाही. पाहुणे येत, माझ्यापुढे उभे राहून फोटो काढीत.

मग टेबलावर मावणारे कॉम्प्युटर आले. माझ्या तबकड्या त्यांच्यात बसेनात. जालिंदर वारले. त्यांच्या वह्या वाळवीने खाल्ल्या. गेल्या आठवड्यात प्रज्ञाताई रजेवर असताना चार माणसे चपलांसकट खोलीत शिरली. तेव्हाच मी काय ते समजलो.

काल प्रज्ञाताई मला शोधत इथे आली. पत्र्याच्या तुकड्यांत उभी राहिली आणि सवयीने चपला काढल्या.

“ताई, देऊळ न्हाई हे! पायात पत्रा घुसंल,” दुकानाचे मालक श्रीमंतभाऊ हसले.

“भाऊ, हे फोडू नका.”

“मग काय पुजू? आत तांबं हाय लई. तबकड्या पायजेत तर न्या तुमी.”

“नुसत्या नेऊन काय करू? त्या वाचणारा हा एकच आहे. तिसगावला प्यायच्या पाण्याची विहीर खोदायचीय. भर उन्हाळ्यात कुठलं पाणी आटत नव्हतं, ते माझ्या वडिलांनी, दादांनी मोजलेलं सगळं याच्याच पोटात आहे.”

श्रीमंतभाऊंनी मान खाजवली. “उद्या दुपारी माझा ट्रक भरायचाय. तवर उचला. न्हाईतर घण.”

“देवळालीहून टेम्पो आणते. या चपला इथंच राहतील. त्या आहेत तोवर काम चालू आहे, समजा.”

ती अनवाणीच निघाली.

दुपार झाली. ट्रक आला आहे. घणवाला माझ्याकडे वळला आणि पायाने चपला बाजूला सारणार, तोच श्रीमंतभाऊ ओरडले, “थांब! आधी त्यो पंप फोड.”

मित्रांनो, जुने यंत्र भंगाराच्या काट्यावर चढवण्याआधी एवढे विचारा, की याला काय आठवते? त्याच्यासाठी कोणी अनवाणी धावत येत असेल.

पंपावरचे घाव थांबले. मी रस्त्याकडे कान लावून आहे. टेम्पोचा आवाज नाही.

चपला अजून माझ्यापुढे आहेत.