चिमणीच्या मापाची

शिवणवाल्या बाईंना रिकामं बसणं माहीत नव्हतं. लेक दवाखान्यात गेली आणि गिऱ्हाइकांचे कपडे हातात धरवेनात, तेव्हा त्यांनी तिच्याच मापाची बाहुली शिवायला घेतली. खांदा, दंड, उंची, सगळं चिमणीचं. लेकीला घरात चिमणीच म्हणायचे. कापूस ठासून भरला, तिचाच फ्रॉक चढवला आणि खिडकीपाशी खुर्चीत बसवली. नवरा तिच्याकडे पाठ करून जेवायचा. हिला निदान नाक-डोळे तरी काढू नकोस, एवढंच एकदा म्हणाला. बाईंनी नाही काढले.

चिमणी मात्र उतरत चालली होती. बाई गळ्यात टेप अडकवून भेटायला जायच्या, गप्पांच्या नादात तिचा दंड, कंबर मोजून घ्यायच्या आणि घरी येऊन बाहुली उसवून तेवढीच आत घ्यायच्या. खोटं माप त्यांना सोसायचं नाही. एरवी लहान मुलांच्या कपड्यांना वाढत्या अंगाचं कापड शिलाईत सोडायचंच, आणि कुणी नको म्हणालं तर बाई त्याला उभा-आडवा घेत. इथे मात्र आतलं कापड फुगतं म्हणून कातरून टाकत गेल्या.

बाईंनी काढलेले बाहुलीचे फोटो चिमणी बाबांच्या फोनवर बघायची. एका दुपारी दंडाला टेप लागताच तिने हात ओढून घेतला.

"आई, तू तिला बारीक करतेस, म्हणून मी होते."

असं कुठे असतं का, म्हणत बाई हसण्यावारी न्यायला गेल्या. जमलं नाही. परतताना बसमध्ये ते वाक्य शेजारी येऊन बसलं.

घरी बाहुली उसवली तर सोडायला कापडच नव्हतं. कधीच केरात गेलेलं. मग बाईंनी चांगल्यातली चादर टराटरा फाडली. कुशींना, दंडांना, पोटऱ्यांना जोड दिले. माप न घेता, हाताला येईल तसे. नवरा कामावरून आला आणि आज समोर उभा राहिला.

"हे कुणाचं माप?"

"होईल तिचं."

त्याने कापसाची पिशवी तेवढी पुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी चिमणी वाटच बघत होती. बाबांनी रात्रीच तिला नवा फोटो दाखवला होता. चांगली गुबगुबीत झालीय ती, म्हणाली, आणि चादरीखालून आपणहून हात बाहेर काढला.

"आता माझं घे."

बाईंनी दंडाभोवती टेप गुंडाळला, अंगठ्याने जागा धरली. आकडा बघायला मान काही खाली होईना.

"किती, आई?" चिमणी विचारत राहिली. "सांग ना, किती?"