शनिवारचं विमान

"कुठलं विमान किती वाजता सुटायचं, ते माझे बाबाच ठरवतात," विमानतळावर गेटसमोर बसलेली लेक शेजारच्या खुर्चीवरच्या काकूंना सांगत होती. "पायलटलासुद्धा त्यांचं ऐकावं लागतं."

काकूंनी डोळे मोठे केले. बाबांनी वर्तमानपत्र आणखी थोडं वर धरलं.

एरवी हे कौतुक ऐकून त्यांची छाती फुगली असती. विमान कंपनीच्या वेळापत्रक विभागात त्यांना सगळे मिनिटराव म्हणत, आणि हे नाव ते बिरुदासारखं मिरवत. विमान उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंतचा वेळ त्यांनी लिंबासारखा पिळला होता. त्यातून दिवसाला एक फेरी जास्तीची निघाली आणि साहेबांनी त्यांचा सत्कार केला. त्याआधी आठवडाभर ते स्वतः गेटवर उभे राहून बघत होते, सोमवार ते शुक्रवार. तेव्हा यायची ती कामाला निघालेली माणसं. खांद्याला एक बॅग, कानाला फोन, भराभर आत जायची आणि पट्टा लावून मोकळी व्हायची. अर्धा तास रग्गड झाला, असं मिनिटरावांनी ठरवून टाकलं. शनिवारी तेच विमान सुट्टीवाल्यांना समुद्रकाठी घेऊन जायचं. त्यालाही त्यांनी तोच अर्धा तास लावला. शनिवारी गेटवर मात्र ते कधी फिरकले नव्हते, कारण शनिवारी त्यांचीच सुट्टी असायची.

आज पहिल्यांदा आले होते. बायकोला रजा मिळाली नाही, म्हणून आईला आणि लेकीला घेऊन.

काचेपलीकडे विमान केव्हाचं येऊन उभं होतं आणि त्यातून माणसं अजून उतरतच होती. झोपलेलं पोर खांद्यावर टाकलेला एक बाप. मिटलेली बाबागाडी उघडेना म्हणून तिला लाथ घालणारी एक आई. कठडा धरून एकेक पायरी उतरणारे आजोबा, आणि त्यांच्यामागे त्यांची काठी घेऊन आजी. मिनिटराव बघत राहिले. यांच्यातलं कुणीच त्यांच्या हिशेबात नव्हतं. त्यांचा अर्धा तास तर ही मंडळी उतरण्यातच संपला होता.

उशीर होणार असल्याचं गेटवरच्या मुलीनं जाहीर केलं आणि लोक उठून तिच्यावर तुटून पडले.

"दर शनिवारी हेच," मोठ्या टोपीतले एक गृहस्थ म्हणाले. "मागच्या वेळी आमचं पुढचं विमान चुकलं. जबाबदार कोण?"

"काका, मी फक्त गेट सांभाळते. वेळापत्रक वरून येतं."

"वरून म्हणजे? देव पाठवतो की काय?"

लोक हसले. मुलगी हसली नाही. "मी ऑफिसला फोन केला होता. म्हटलं, सर, शनिवारी एवढ्या वेळात नाही होत. लहान मुलं असतात, म्हातारी माणसं असतात. तर ते म्हणाले, शिस्त लावा."

मिनिटरावांनी पेपर तोंडासमोर ओढला. तरीच मघापासून हा आवाज ओळखीचा वाटत होता. चहाचा घोट घेता घेता ते दोन शब्द त्यांनी फोनवर फेकले होते आणि फोन ठेवून दिला होता.

"कोण हा शहाणा? आणा त्याला इथं. सत्कार करू त्याचा," टोपीवाले गरजले.

लेक ताडकन उठली. "अहो काका, माझे बाबा..."

मिनिटरावांनी मनगट धरून तिला खाली खेचलं. "गप्प बस."

"पण बाबा, तुम्ही सांगा ना. तुम्ही लगेच नीट करून द्याल."

"गप्प बस म्हटलं ना. आपला काही संबंध नाही."

लेकीनं त्यांच्याकडे बघितलं, मग गेटवरच्या मुलीकडे. तेरा वर्षांची होती ती, कुक्कुलं बाळ नव्हती. तिनं हात सोडवून घेतला आणि मनगट चोळत बसली. शेजारच्या काकू एकाएकी आपल्या पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. त्यांचा तो समजूतदारपणा मिनिटरावांना थपडेसारखा लागला.

"काय म्हणतायत रे सगळे?" आईनं विचारलं. तिला कमी ऐकू यायचं.

"काही नाही. उशीर आहे."

"असू दे. आपल्याला कुठं ऑफिस गाठायचंय?"

टोपीवाले गृहस्थ मुलीच्या छातीवरच्या बिल्ल्यावरून तिचं नाव फोनमध्ये टिपून घेत होते. "तक्रार करणार मी. तुझी नोकरीच घालवतो." मिनिटरावांनी उठून चार पावलं टाकली असती तरी पुरलं असतं. पण खुर्चीनं जणू त्यांना धरून ठेवलं होतं. मुलीनं बाहीनं डोळे टिपले, पुन्हा हसरा चेहरा लावला आणि गेट उघडलं.

आईला आणि लेकीला त्यांनी पुढं पाठवलं. स्वतः मागं रेंगाळले, अगदी शेवटचा माणूस जाईपर्यंत.

"वेळापत्रक मी करतो," ते हळूच म्हणाले. "चूक तुमची नव्हती."

मुलीनं वर बघितलं. "शिस्त लावा म्हणणारे तुम्हीच का ते?"

"हो."

"मग मघाशी बोलायचं होतं, सर. आता कोण आहे इथं ऐकायला?" आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

"तक्रार आली तर मी साहेबांना स्वतः..."

"जा सर. तुमच्यामुळे उशीर होतोय."

विमानाच्या दारात ते पोचले तर आत वाट तुंबलेली. सगळ्यांच्या पुढं त्यांची आई एकेक खुर्ची धरत चालली होती, आणि लेक तिच्या कोपराला आधार देत होती.

"आजी, जरा उरका की," मागून टोपीवाले म्हणाले.

"आजी हळूच चालते, काका," लेक मागं न वळता म्हणाली. "उशीर होणार."

"अगं, मी होते बाजूला," आजी म्हणाली.

"नको आजी. सावकाश."

जागेपाशी पोचल्यावर तिनं आजीला खिडकीशी बसवलं. मग मधल्या खुर्चीवर स्वतः बसली आणि कडेच्या, बाबांच्या खुर्चीवर आपली सॅक ठेवली.

"सर, बसून घेता का? दार लावायचंय," हवाई सुंदरी म्हणाली.

मिनिटराव दोन्ही हातांत बॅगा घेऊन तसेच उभे होते. पुढची सगळी माणसं बसली, वाट मोकळी झाली, तरी त्यांचा पाय पुढं उचलेना.