दोन फ्रिक्वेन्सी, एक खुर्ची

लोकांले वाटते, रात्री टॉवरमध्ये आम्ही चहा पीत विमानं मोजत बसतो. एकदा बसून पाहा म्हणावं! दिवसा आमच्या खुर्च्या वेगळ्या असतात. धावपट्टीवरचं विमान टॉवरवाल्याचं. ते उडालं की अप्रोचवाल्याच्या हाती जाते, त्याची फ्रिक्वेन्सी वेगळी, माणूस वेगळा. रात्री विमानं कमी, म्हणून दोन्ही कामं एकाच डोक्यावर येतात. दोन्ही फ्रिक्वेन्सी एकमेकीले जोडून टाकायच्या आणि एकाच हेडफोनात घ्यायच्या. मग मी बोलली की दोन्हीकडे जाते, आणि इकडचा पायलट काय बोलला ते तिकडच्यालेही ऐकू येते. दुसरा माणूस तेवढा वेळ मागच्या खोलीत आराम करते. मग अदलाबदल.

आता नरहरचं सांगते. नरहर आमचा शिफ्ट इनचार्ज. शहराच्या जुन्या भागातला, पुरानी बस्तीतला, भोसल्यांच्या काळापासून इथं राहिलेलं घराणं, आणि ते तो कोणाले विसरू देत नसे. आम्ही विदर्भातून इकडे हिंदी मुलखात नोकरीले आलेले रेल्वेवाले, त्याच्या लेखी उपरेच. हा माणूस रात्री खोलीत शिरे तो उजाडल्यावरच बाहेर निघे, आणि नवीन पोट्ट्यांले सारी रात्र एकटं बसवे. एका पोट्ट्याले खुर्चीतच डुलकी लागली, तेव्हा मी वरपर्यंत तक्रार केली. नरहरले लेखी ताकीद मिळाली. नियम कडक झाला: आरामाची वेळ ठरलेली, आणि आराम करणाऱ्याले मध्ये उठवायचं नाही, कारण अर्धवट झोपेतल्या माणसाच्या हाती विमानं देणं धोक्याचं. नियम बरोबरच होता, मी आजही तेच म्हणीन. त्या दिवसापासून नरहर अगदी नियमानं वागाले लागला.

ज्या रात्रीची ही गोष्ट, त्या आठवड्यात माझी आई, गोदावरीबाई, शंकर नगरच्या एका दवाखान्यात होती. हृदयाची झडप निकामी झालेली. मी सुट्टी मागितली तर नरहर म्हणे, माणसं नाहीत मॅडम. म्हणून रात्रपाळीले बसली होती. नरहर नुकताच आरामाले गेला आणि टॉवरचा फोन वाजला. माझा भाऊ चिराग होता. चिराग इथंच जन्मला, मराठी सारी समजते, पण तोंडातून हिंदीच निघते.

"दीदी, डॉक्टर बोल रहे हैं हैदराबाद ले जाओ, अभी के अभी. एअर ॲम्बुलन्स मिल गई है. मम्मी बार-बार तुमको पूछ रही है. नीचे आ जाओगी ना? पाँच मिनट के लिए?"

"येते रे. आईले सांग, येतेच आहे मी."

टॉवरचा जिना उतरला की गेटच तर होतं. पण दुसऱ्यानं येऊन 'घेतलं' म्हटल्याशिवाय खुर्ची सोडता येत नाही. वर आभाळात माणसं लटकलेली असतात. घरून कोणाले बोलवावं, तर शहरातून येईपर्यंत विमान निघून गेलं असतं. उरला एक नरहर. मी इंटरकॉम लावला.

"सर, पूर्णिमा बोलून राहिली. दहा मिनिटं खुर्ची घ्या ना. माझ्या आईले हैदराबादले नेऊन राहिले. ती खालीच येऊन राहिली."

"माझा आराम कितीपर्यंत आहे?"

"तीन."

"मग?"

"सर, आई आहे माझी. वाचते की नाही, माहीत नाही."

"मॅडम, झोपेतून उठवलेल्या माणसानं विमानं सांभाळू नये, असं तुमचंच म्हणणं ना? मी आता झोपेत आहे."

झोपेत कसला, मेला! मोबाइलवर कुठलातरी सिनेमा लावून बसला होता, त्यातली मारामारी मले इंटरकॉममध्ये ऐकू येऊन राहिली होती. मी हात जोडले. त्याले दिसणार नव्हते तरी जोडले. "पाया पडते सर," म्हटलं. त्यानं फोन ठेवून दिला.

काचेतून मले सारं दिसलं. गाडी ॲम्बुलन्सच्या विमानाजवळ आली, स्ट्रेचर उतरलं. आईच्या अंगावर पांढरी चादर होती आणि तिचं डोकं सारखं इकडून तिकडे वळून राहिलं होतं. मलेच शोधून राहिली होती, दुसरं काय! चिरागनं दोनदा वर टॉवरकडे पाह्यलं. टॉवरमध्ये अंधार असते, खालून आतलं काही दिसत नाही. मी तरी हात हलवला. मग ते दोघं विमानात गेले आणि दार लागलं.

दिल्लीहून एक मोठं विमान येऊन राहिलं होतं, गच्च भरलेलं, आधीच उशीर झालेलं. त्याले मी वेग कमी कराले लावला, म्हटलं, आधी ॲम्बुलन्स उडेल. तो पायलट कुरकुरला. कुरकुर बाबा! ॲम्बुलन्सले उडायची परवानगी मीच दिली. दिवस असता तर ते विमान मी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर सोडून दिलं असतं, आणि पुढचं जे काय ते दुसऱ्या कोणाच्या कानात पडलं असतं. पण रात्र होती, सारं माझ्याच कानात पडणार होतं.

थोड्या वेळानं ॲम्बुलन्सचा पायलट बोलला. परत यायचंय म्हणे. मी विचारलं, विमानात काही बिघाड? बिघाड नाही म्हणे. डॉक्टरांनी प्रयत्न थांबवले, पेशंट गेली. आता आम्हाले घाई नाही, आमची आधी उतरायची प्रायॉरिटी काढून टाका.

माय गं! त्या बिचाऱ्याले काय माहीत, तो कोणाले सांगून राहिला. मले ओरडायचं होतं, हेडफोन भिंतीवर आपटायचा होता. पण दोन विमानं एकाच धावपट्टीकडे येऊन राहिली होती आणि दोघांले सांगणारी मी एकटी. प्रायॉरिटी असती तर आईचं विमान आधी उतरलं असतं. प्रायॉरिटी जिवंत माणसाले असते. मी बटण दाबलं. दिल्लीवाल्याले म्हटलं, तुम्ही पहिले. आईच्या विमानाले म्हटलं, तुम्ही दुसरे, तिथंच गोल फिरत थांबा. फ्रिक्वेन्सी जोडलेल्या, दिल्लीवाल्यानं सारं ऐकलं होतं. "थँक्यू मॅडम," तो म्हणाला, अगदी मनापासून खुश होऊन.

मी पुन्हा इंटरकॉम लावला. "सर, आई गेली. विमान परत येऊन राहिलं. आता तरी या."

सिनेमाचा आवाज बंद झाला. मले वाटलं, उठला. आहे याच्यात माणूस कुठंतरी.

"प्रायॉरिटी काढली ना त्यांची?" त्यानं विचारलं.

"काढली."

"बरं केलं. तीनला येतो."

आणि तो तीनलाच आला. तोंड धुऊन, भांग पाडून. तोवर दोन्ही विमानं उतरली होती. 'घेतलं' म्हणाला आणि मी जिन्यावरून धावत सुटली. आईले गाडीत ठेवून झालं होतं. चिराग गाडीच्या दाराशी उभा होता. मी त्याले जवळ घ्याले गेली तर तो मागे सरकला.

"कितनी देर ऊपर गोल-गोल घुमाते रहे, दीदी. मैं मम्मी का हाथ पकड़ के बैठा था. छोटा प्लेन है, पायलट का स्पीकर पीछे तक सुनाई देता है."

"चिराग, अरे ऐक ना…"

"आवाज़ तुम्हारी थी. ज़रा भी नहीं काँपी."

तो गाडीत बसला आणि त्यानं दार ओढून घेतलं. तेराव्यालेही तो माझ्याशी बोलला नाही, अजूनही बोलत नाही. काय सांगू त्याले? आवाज कापला असता तर वरच्या दोन्ही पायलटांनी घाबरून काय केलं असतं, हे सांगू? त्याची आई गेली होती, त्याले पायलट काय करायचे होते!

टॉवरमधलं सारं बोलणं टेप होते. नरहरनं त्या रात्रीची टेप मागवून घेतली. आता नवीन पोट्टे-पोट्ट्या शिकाले आले की तो ती लावते आणि मले समोर बसवून घेते. "ऐका," म्हणते, "दोन्ही फ्रिक्वेन्सी एका डोक्यावर, दोन विमानं, आणि मॅडमचा आवाज पाहा." विमानात कोण होतं ते सांगत नाही. एकदा मी त्याले म्हटलं, "सर, काहून करून राहिले असं?" तर म्हणे, "कौतुकच तर करून राहिलो मॅडम."

मागच्या महिन्यात राधिका नावाची एक पोट्टी टेप संपल्यावर माझ्याजवळ आली. डोळे नुसते चमकून राहिले होते तिचे. "मॅडम," ती म्हणाली, "मुझे बिल्कुल आपके जैसा बनना है."

नरहर हसला. म्हणाला, "मग अजून एकदा ऐक," आणि त्यानं टेप सुरवातीपासून लावली.