चिठ्ठीचं शेपूट

नत्थुजी शिपायाची जीभ बारा महिने जांभळी असायची. नवीन पोरं म्हणायची, म्हाताऱ्याला काहीतरी रोग असेल. रोग कसला आलाय! रामराव सरांच्या सह्या होत्या त्या, गिळलेल्या.

अकोल्याच्या एका शेतकी कॉलेजात हे रामराव सर वनस्पतिशास्त्राचे मुख्य होते. हुकूम तोंडी द्यावा तर चार जण ऐकतात, रीतसर कागद काढावा तर तो फायलीत राहतो. म्हणून या माणसानं अक्कल चालवली. चिठोऱ्यावर मजकूर टाइपरायटरवर स्वतः दोन बोटांनी ठोकायचा, खाली ओली केली की जांभळी उमटणाऱ्या कॉपिंग पेन्सिलीनं सही करायची आणि नत्थुजीच्या हाती धाडायचं. सही बघून समोरचा कामाला लागे. काम झालं की नत्थुजीनं खालची सहीची पट्टी फाडायची, तोंडात टाकायची आणि चावून गिळायची. जाळली तर राख दिसते, फेकली तर कोणी उचलतं, असं सरांचं म्हणणं. वरचा मजकूर मग राहो कोणाकडेही, बिनसहीच्या कागदाला कुत्रं विचारत नाही. बारा वर्षं हा किळसवाणा प्रकार चालला होता आणि कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होता. शी! कोणी हूं की चूं केलं नाही.

धर्मपालनंही केलं नव्हतं. तो तिथला डेमॉन्स्ट्रेटर, चांदूर रेल्वेकडचा, घरातला पहिला एम.एस्सी. छप्पन साली बाप जानरावानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा हा शाळेत होता. आता अडुसष्ट साल उजाडलं होतं, तीन वर्षं तो टेम्पररी होता, आणि त्याला कायम करण्याचा कागद दोन महिने रामराव सरांच्या टेबलावर सहीवाचून पडला होता.

त्याचं काम सरकीवर चाललं होतं. पेशीत डीएनएची मूळ पोथी आत कुलपात असते. तिच्यावरून आरएनएची चिठ्ठी उतरवून बाहेर धाडतात, त्या चिठ्ठीबरहुकूम प्रथिन तयार होतं, आणि मग पेशी ती चिठ्ठी कुरतडून टाकते. काही चिठ्ठ्या चार मिनिटांतच संपतात. सरकीत मात्र बोंडात असतानाच लिहिलेल्या चिठ्ठ्या कोरड्या दाण्यात महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी लागलं की कामाला लागतात, असं बाहेरच्या देशात दिसलं होतं. धर्मपाल तेच वऱ्हाडच्या कपाशीवर करून पाहत होता. नवी चिठ्ठी लिहूच देत नाही अशा औषधाच्या पाण्यात त्यानं सरकी भिजवली, आणि तरी मोड आला. जेमतेम नखाएवढा, पांढरा, बुळबुळीत, आणि तिथंच थांबलेला. जुन्या चिठ्ठ्यांवर जेवढं चालायचं तेवढं चाललं होतं. त्या बशीकडे बघत धर्मपाल दिवसभर खुशीत होता.

मग कोणती चिठ्ठी राखायची आणि कोणती मारायची, हे पेशी ठरवते कसं? त्यानं वहीत आपला एक अंदाज लिहिला होता, आणि तो सुचला होता नत्थुजीचं तोंड बघून. चिठ्ठीला खाली शेपूट असावं, ते शाबूत तोवर हुकूम चालावा, आणि चिठ्ठी मारायची झाली की पेशीनं आधी शेपूटच खावं. पुरावा काहीच नव्हता. रामराव सर वाचून म्हणाले होते की शेपटं बघायची तर जनावरांच्या दवाखान्यात जा.

जानेवारीत पुण्याहून बियाण्यातले एक जुने जाणकार प्रयोग बघायला यायचे होते. त्या दिवशी अकराला नत्थुजी चिठ्ठी घेऊन आला. औषधाच्या बशीतली घाण मोरीत टाकावी, आणि साध्या पाण्यातली आठ दिवसांची रोपं त्या बशीत लावावीत. खाली जांभळी सही. सरांना बुळबुळीत मोड दाखवायची लाज वाटत होती, पाहुण्यांपुढे काहीतरी हिरवंगार हवं होतं.

चिठ्ठी नेऊन सरांच्या तोंडावर फेकावी असं धर्मपालला वाटलं. पण तो सहीवाचून पडलेला कागद डोळ्यांपुढे आला, रोज पोस्टमनची वाट बघणारा बाप आला, आणि त्यानं बशी उचलून मागच्या मोरीत पालथी केली. खरं होतं ते गटारात गेलं आणि खोटं टेबलावर बसलं. नत्थुजीनं पट्टी फाडली, घडी करून गालात कोंबली आणि त्याच्याकडे न बघता निघून गेला. धर्मपालला स्वतःच्या हातांची घाण वाटायला लागली.

अर्ध्या तासात पाहुणे प्राचार्यांबरोबर आले आणि त्यांनी दोन मिनिटांत ओळखलं. या औषधात आठ दिवस राहून रोपाला पानं फुटतीलच कशी, असं त्यांनी शांतपणे विचारलं. रामराव सरांनी क्षणाचाही उशीर केला नाही. हा या डेमॉन्स्ट्रेटरचाच उद्योग, म्हणाले, सवलतीवर वर आलेली माणसं, यांच्याकडून दुसरं काय होणार. प्राचार्यांनी धर्मपालला तिथल्या तिथं राजीनामा लिहायला सांगितलं. धर्मपालनं खिशातून ते टाइप केलेलं चिठोरं काढून पुढे ठेवलं. सर हसले.

"यावर माझी सही कुठाय?"

दाराशी उभा असलेला नत्थुजी आत आला. त्यानं गालात दोन बोटं घातली आणि लाळेनं थबथबलेली घडी टेबलावर ठेवली.

"हे घ्या. आज घशाखाली उतरलं नाई."

प्राचार्यांनी नाकाला रुमाल लावला. ती घाण आधी बाहेर फेका, असं सर ओरडले. म्हणजे बघा, एवढ्या वर्षांच्या लबाडीची कोणाला किळस आली नव्हती, थुंकीची आली! धर्मपालनं टेबलावरचा चिमटा उचलला, घडी काचपट्टीवर उलगडली आणि चिठोऱ्याला लावली. फाटलेली कड फाटलेल्या कडेला बसली. आणि कॉपिंग पेन्सिलीचं असं असतं की तिचं अक्षर ओलं झालं म्हणून पुसलं जात नाही, उलट गडद होतं. सही गर्द जांभळी दिसत होती.

"थुंकी त्यांची आहे सर, सही तुमची," धर्मपाल म्हणाला. मग जरा थांबून पाहुण्यांकडे वळला. "पण बशी मीच पालथी केली."

प्राचार्यांनी रामराव सरांना दुसऱ्या दिवसापासून लांब रजेवर जायला सांगितलं. धर्मपालचा राजीनामा टळला, पण कायम होणं एक वर्ष पुढे गेलं, कारण हात त्याचेच होते. त्याला ते बरोबरच वाटलं.

संध्याकाळी तो मोरीशी उकिडवा बसून गाळ चिवडत होता. शेजारी नत्थुजी चूळ भरत होता, आणि प्रत्येक चूळ जांभळीच पडत होती. चार दाणे सापडले, मोड तसाच नखाएवढा. प्रयोग आता पहिल्यापासून करावा लागणार होता, हे दाणे कशाच्याच कामाचे नव्हते, पण त्याला ते टाकवेनात. त्यानं ते धुऊन बशीत ठेवले. बशीवर कागद चिकटवून खरं काय दिसलं ते लिहिलं, फेकलं कोणी तेही लिहिलं. मग पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं करून खाली आपलं पूर्ण नाव घातलं. चव कडूजहर होती. त्याला ओकारी आली.

नत्थुजी त्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

"एका सहीत हे हाल झाले तुमचे," तो म्हणाला. "म्या बारा वर्सं खाल्ल्या."